यंत्राच्या गणिताचा ताळा

गणित सोडवून झाले की त्याचा ताळा करून पाहावा, ही शिकवण आपल्याला शाळेतच मिळालेली असते. बेरीज खालून वर करून पाहावी. वजाबाकीत बाकी परत मिळवावी. भागाकार झाला की भाजकाला भागाकाराने गुणून त्यात बाकी मिळवावी आणि भाज्य जसाच्या तसा परत येतो का ते पाहावे. रात्री दुकान बंद करताना गल्ल्यातली रोकड मोजून वहीशी मेळ घालणारा दुकानदार दुसरे काय करीत असतो? आज मात्र आपली जवळजवळ सगळी गणिते आपण यंत्राच्या स्वाधीन केली आहेत. बँकेतले व्याज, विजेचे बिल, रेल्वेचे आरक्षण, इस्पितळातल्या यंत्रावरचे आकडे, विमानाचा मार्ग, हे सारे नखाएवढ्या सिलिकॉनच्या चिपवर चालणाऱ्या बेरजा-वजाबाक्यांवर अवलंबून आहे. या चिपला प्रोसेसर म्हणतात. तो एका सेकंदात कोट्यवधी गणिते करतो, आणि त्यांतल्या एकाचाही ताळा आपण करीत नाही. मग तो कोण करतो आणि कसा, हाच आमच्या आजच्या विवेचनाचा विषय आहे.

या विषयाला इंग्रजीत ‘फॉर्मल व्हेरिफिकेशन’ असे नाव आहे. आपण त्याला ‘सिद्धतेने केलेली पडताळणी’ म्हणू. नाव जड असले तरी मूळ कल्पना भूमितीच्या तासाला आपण सर्वांनी पाहिलेली आहे. ती समजून घेण्यासाठी प्रथम एका प्रसिद्ध चुकीची हकिकत पाहणे सोयीचे होईल.

भागाकारातील पाच घरे

१९९३ साली अमेरिकेतील इंटेल कंपनीने ‘पेंटियम’ नावाचा प्रोसेसर बाजारात आणला. त्याच्यावर सुमारे ३१ लाख ट्रान्झिस्टर होते. पुढच्याच वर्षी व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना आपल्या हिशेबात काही तरी बिघडल्याचे जाणवले. ते जोडमूळ संख्यांचा, म्हणजे ११ आणि १३ यांसारख्या दोनच्या फरकाने येणाऱ्या मूळ संख्यांचा, अभ्यास करीत होते आणि त्यांच्या व्यस्तांची बेरीज अनेक दशांश स्थळांपर्यंत काढीत होते. ८२४६३३७०२४४१ या संख्येने १ ला भागले असता उत्तराचे पुढचे अंक चुकीचे येत. प्राध्यापकांनी आधी स्वतःच्या प्रोग्रामवर संशय घेतला, मग संगणकाच्या इतर भागांवर. एकेक शक्यता बाद करीत ते ऑक्टोबर १९९४ मध्ये अखेर प्रोसेसरपर्यंत येऊन पोहोचले.

हीच चूक इतरांनी आणखी सोप्या आकड्यांत पकडली. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागले तर उत्तर १.३३३८२ असे सुरू व्हायला हवे. पेंटियम १.३३३७३ असे सांगे. शाळेतल्याप्रमाणे ताळा करून पाहिला, म्हणजे भागाकाराला भाजकाने परत गुणले, तर मूळ संख्येपेक्षा २५६ कमी भरत. कोट्यवधी रुपये किमतीच्या कारखान्यातून आलेले यंत्र चौथीच्या ताळ्यात नापास झाले होते!

कंपनीच्या स्वतःच्या तपासणीतही ही चूक त्या वर्षाच्या मध्यास आढळली होती. तिचे म्हणणे असे, की सामान्य माणसाला ही चूक २७,००० वर्षांतून एकदा भेटेल. आयबीएम कंपनीने आपला हिशेब मांडला आणि २४ दिवसांतून एकदाही भेटू शकेल असे जाहीर केले. अंदाजांच्या या भांडणात लोकांचा विश्वास मात्र उडाला. २० डिसेंबर १९९४ रोजी इंटेलने मागेल त्याला प्रोसेसर बदलून देण्याचे मान्य केले. त्यापायी कंपनीला ४७.५ कोटी डॉलरचा भुर्दंड सोसावा लागला.

भाग लावण्याची रीत

ही चूक झाली कशी? आपण कागदावर भागाकार करतो तेव्हा ‘भाग लावतो’. ९८७ ला २९ ने भागायचे असेल तर ९८ मध्ये २९ किती वेळा जाईल याचा अंदाज पहिल्या अंकांवरून घेतो. ९ मध्ये २ चार वेळा जातात म्हणून ४ चा भाग लावून पाहतो; चार एकोणतीस एकशे सोळा, म्हणजे जास्त झाले; मग खोडून ३ लावतो. पेंटियमही भागच लावीत होता. फरक इतकाच, की यंत्राला खाडाखोड परवडत नाही. तिच्यात वेळ जातो.

त्यावर १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वीनी, रॉबर्टसन आणि टोचर या तिघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एक सुंदर युक्ती शोधली. या रीतीत भागाकाराचा एखादा अंक ऋण असला तरी चालतो. दुकानदाराला थोडी मोठी नोट द्यावी आणि सुटे परत घ्यावेत, तसेच हे. आधीचा भाग जास्त लागला तर पुढच्या पायरीला उणे अंक घेऊन हिशेब सावरता येतो. त्यामुळे अंदाज अगदी अचूक असण्याची गरज उरत नाही. भाजकाचे आणि बाकीचे पहिले काही अंक घ्यावेत, तयार कोष्टकातले त्यांच्यासमोरचे घर पाहावे, आणि तिथे −२, −१, ०, १ किंवा २ यांपैकी जो अंक असेल तो लावून पुढे जावे.

मात्र ही सवलत अमर्याद नाही. अंदाज फारच चुकला, तर बाकी इतकी वाढते की पुढे कितीही सुटे परत घेतले तरी तूट भरून निघत नाही. पेंटियमच्या कोष्टकात १०६६ घरे भरलेली असायला हवी होती. त्यांपैकी पाच घरांत २ च्या जागी ० राहिले. ही पाच घरे कोष्टकाच्या कडेला होती आणि तिथपर्यंत जाण्याचा प्रसंग क्वचितच येई. कोणत्याही दोन संख्या घेऊन भागाकार केला तर चूक होण्याची शक्यता कंपनीच्या हिशेबाप्रमाणे ९०० कोटींत एक होती. हजारो, लाखो उदाहरणे सोडवून पाहूनही ती हाताला लागली नाही यात नवल नाही.

सगळीच गणिते करून पाहिली तर?

कोणी म्हणेल, यंत्र इतके वेगवान आहे तर त्याच्याकडून सगळीच गणिते करून घ्यावीत आणि उत्तरे तपासावीत. हा मार्ग किती लांबचा आहे ते पाहू. आजचे प्रोसेसर ६४ द्विमान अंकांच्या संख्या हाताळतात. अशा दोन संख्यांच्या बेरजेची जेवढी वेगवेगळी उदाहरणे होतील, त्यांची संख्या लिहायला ३९ अंक लागतात. सेकंदाला १०० कोटी उदाहरणे तपासली तरी सर्व संपायला लागणारा काळ विश्वाच्या आजवरच्या वयाच्या सुमारे ७८ हजार कोटी पट होतो. आणि ही केवळ बेरीज झाली! भागाकार, गुणाकार, एकामागून एक येणाऱ्या शेकडो आज्ञा, यांचा तर विचारच नको.

म्हणजे उदाहरणे सोडवून पाहणे हा नमुना पाहण्याचा प्रकार आहे. पोत्यात बांबी खुपसून मूठभर धान्य काढावे आणि पोत्याची पारख करावी, तसा. धान्याला तो पुरतो, कारण एक किडका दाणा निघाला म्हणून जेवण बिघडत नाही. प्रोसेसरच्या बाबतीत तो एक दाणाच नडतो.

अंकगणिताकडून बीजगणिताकडे

आता शाळेतल्या दुसऱ्या तासाला जाऊ. (अ + ब) चा वर्ग म्हणजे अ वर्ग, अधिक दोन अब, अधिक ब वर्ग, हे आपण कसे मानले? प्रत्येक अ आणि प्रत्येक ब घेऊन कोणी पाहिले नव्हते. अक्षरे घेऊन एकदाच गुणाकार केला आणि सर्व संख्यांचा प्रश्न एका ओळीत निकालात निघाला. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन असते हेही जगातले त्रिकोण मोजून ठरलेले नाही. उदाहरणे अनंत असली तरी सिद्धता लहान असू शकते, हे गणिताचे मोठे देणे आहे. सिद्धतेने केलेली पडताळणी म्हणजे हेच देणे कारखान्यात नेऊन कामाला लावणे होय.

या कामाची पहिली जात ‘अक्षरांनी यंत्र चालवून पाहण्याची’. प्रोसेसरचा आराखडा संगणकावर घेतात. आत जाणाऱ्या तारांवर ० किंवा १ न ठेवता अ, ब, क अशी अक्षरे ठेवतात. आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक तारेवर कोणते सूत्र येते ते काढतात. मग ते सूत्र आणि आपल्याला हवे असलेले सूत्र एकच आहे का, एवढेच पाहायचे. परंतु एकच सूत्र शंभर प्रकारांनी लिहिता येते. १९८६ साली रँडल ब्रायंट यांनी सूत्र ‘होय-नाही’च्या प्रश्नांच्या आकृतीत मांडण्याची एक शिस्त घालून दिली. प्रश्नांचा क्रम ठरवला आणि सारख्या फांद्या एकत्र केल्या, की एका सूत्राची एकच आकृती उरते. दोन आकृत्या जुळल्या की सूत्रे एकच. बेरजेला ही रीत फार चांगली लागू पडते. गुणाकाराची आकृती मात्र भरमसाट फुगते, आणि हेही ब्रायंट यांनीच सिद्ध करून दाखवले.

तिच्या जोडीला पुढे आणखी एक रीत आली. तीत यंत्रालाच विचारतात, ‘उत्तर चुकेल असे एखादे उदाहरण शोधून दाखव.’ हे काम करणारे प्रोग्राम १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून विलक्षण तरबेज झाले. ते एक तर चुकीचे उदाहरण हातात ठेवतात, नाही तर असे उदाहरण असूच शकत नाही असे सिद्ध करून सांगतात. आणि कधी कधी, हेही सांगितले पाहिजे, वेळ संपला तरी दोन्हींपैकी काहीच सांगत नाहीत.

चौकातले दिवे

प्रोसेसरमध्ये गणिताखेरीज व्यवस्थेचेही काम असते. कोणी आधी जायचे, कोणी थांबायचे, हे ठरवावे लागते. चौकातल्या दिव्यांचा दृष्टान्त घेऊ. दिव्यांकडून आपल्या दोन अपेक्षा असतात. दोन आडव्या रस्त्यांना एकाच वेळी हिरवा दिवा कधीही लागू नये, ही पहिली. आणि प्रत्येक रस्त्याला केव्हा ना केव्हा हिरवा दिवा लागावा, ही दुसरी. अशा अपेक्षा तर्कशास्त्राच्या भाषेत लिहून, यंत्र ज्या ज्या अवस्थांत जाऊ शकते त्या सर्व धुंडाळून त्या पाळल्या जातात का हे आपोआप तपासण्याची रीत १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत एडमंड क्लार्क व ॲलन एमर्सन यांनी, आणि फ्रान्समध्ये केय व जोसेफ सिफाकिस यांनी स्वतंत्रपणे मांडली. तिला ‘मॉडेल चेकिंग’ म्हणतात. क्लार्क, एमर्सन आणि सिफाकिस यांना तिच्यासाठी २००७ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

येथेही शत्रू तोच, संख्या. एक खटका वाढला की अवस्था दुप्पट होतात. अवघ्या वीस खटक्यांच्या दहा लाखांवर अवस्था होतात. ब्रायंट यांच्या आकृत्या येथे कामी आल्या. एकेक अवस्था न मोजता अवस्थांचे गठ्ठेच्या गठ्ठे एका सूत्रात बांधता येऊ लागले. १९९२ मध्ये क्लार्क यांच्या चमूने ‘फ्यूचरबस’ नावाच्या एका प्रस्थापित प्रमाणाची अशी तपासणी केली. एका पेढीच्या अनेक शाखांत एकाच खात्याची नक्कल असावी आणि एकाने नोंद केली की दुसऱ्याची नक्कल रद्द व्हावी, अशा धर्तीचे ते नियम होते. तज्ज्ञांच्या नजरेखालून गेलेल्या त्या नियमांत चुका सापडल्या.

रीतीचाच ताळा

आता पेंटियमच्या भागाकाराकडे परत येऊ. त्याची सिद्धता कशी करायची? आपला शाळेतला ताळाच येथे उपयोगी पडतो, परंतु शेवटी एकदा करण्याऐवजी तो प्रत्येक पायरीला करायचा. सिद्ध करायच्या गोष्टी दोन. एक, कोणत्याही पायरीला थांबलो तरी भाजक गुणिले आतापर्यंतचा भागाकार, अधिक त्या वेळची बाकी, बरोबर भाज्य. दोन, ही बाकी भाजकाच्या दोन तृतीयांशाहून कधी मोठी होत नाही. पहिली गोष्ट हिशेब सरळ असल्याची ग्वाही देते, दुसरी तो हाताबाहेर जात नसल्याची. पहिल्या पायरीला या गोष्टी खऱ्या असतील, आणि कोणत्याही एका पायरीला खऱ्या असल्या तर पुढच्या पायरीलाही खऱ्या राहतात असे दाखवले, तर सर्व भागाकार सर्व काळ बरोबर. ज्या कोष्टकात पाच घरे चुकली आहेत, त्याच्यापुढे दुसरी गोष्ट टिकत नाही; पडताळणीचा प्रोग्राम नेमक्या त्या घरावर बोट ठेवतो. चूक उघडकीस आल्यानंतर दीड-दोन वर्षांत ब्रायंट, क्लार्क आणि इतरांनी हे प्रत्यक्ष करून दाखवले.

अशा सिद्धता लिहिण्यासाठी व तपासण्यासाठी आणखी एका जातीची साधने आहेत. तीत सिद्धतेची दिशा माणूस सुचवतो आणि प्रत्येक पायरी संगणक काटेकोरपणे तपासतो. १९९५ मध्ये एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीने आपल्या ‘के-५’ प्रोसेसरच्या भागाकाराची सिद्धता अशा साधनावर करून घेतली. जे मूर, मॅट कॉफमन आणि टॉम लिंच यांनी ती केली. इंटेलनेही धडा घेतला. २००९ साली तिच्या अभियंत्यांनी जाहीर केले, की ‘कोअर आय-७’ प्रोसेसरच्या गणित करणाऱ्या मुख्य विभागासाठी उदाहरणांनी व्याप्ती गाठण्याची जुनी तपासणी त्यांनी पूर्णपणे सोडली असून सिद्धता हाच मुख्य आधार मानला आहे. पंधरा वर्षांत झालेला हा पालट लहान म्हणता येणार नाही.

सिद्ध झाले, म्हणजे काय झाले?

येथवर ऐकून कोणाला वाटेल, की आता काळजीचे कारण उरले नाही. त्यांना दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

पहिली इंग्लंडमधली. १९८० च्या दशकात माल्व्हर्न येथील सरकारी संशोधन संस्थेत ‘व्हायपर’ नावाचा प्रोसेसर रचला गेला. जिथे चुकीला क्षमा नाही अशा कामांसाठी तो होता, आणि त्याची रचना गणिताने सिद्ध झालेली आहे असा त्याचा गाजावाजा झाला. केंब्रिजच्या ॲव्हरा कोह्न यांनी त्याच्या सिद्धतेवर परिश्रम घेतले आणि मग स्वच्छ शब्दांत लिहिले, की सिद्धता आराखड्याच्या काही पातळ्यांपुरतीच झाली आहे. शिवाय सिद्धता गणिती प्रतिकृतीची असते, हातात धरायच्या वस्तूची नसते. व्हायपर विकण्याचे हक्क घेतलेल्या कंपनीने १९९१ मध्ये संरक्षण खात्यावर दावा लावला. तो सुनावणीस येण्यापूर्वीच कंपनीचे दिवाळे वाजले. ‘सिद्ध’ या एका शब्दाचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न कोर्टाच्या पायरीपर्यंत जाऊन तसाच परत आला.

दुसरी गोष्ट जानेवारी २०१८ ची. त्या महिन्यात ‘स्पेक्टर’ नावाचा दोष जाहीर झाला. आजचे प्रोसेसर वेळ वाचवण्यासाठी पुढे काय येईल याचा अंदाज बांधून आधीच काम करून ठेवतात. अंदाज चुकला तर ते काम टाकून देतात. उत्तर बरोबरच येते. परंतु टाकलेल्या कामाच्या खुणा आत राहतात आणि कोणत्या गोष्टीला किती वेळ लागतो हे मोजून त्या खुणांवरून दुसऱ्याची गुपिते काढता येतात. यात कोणतेही गणित चुकलेले नव्हते. ‘उत्तर बरोबर आहे का?’ हे विचारले गेले होते. ‘उत्तर देताना कोणाला काही कळते का?’ हे विचारायचे राहून गेले होते.

चौकातले दिवे आठवा. सर्व रस्त्यांना कायम तांबडा दिवा दाखवणारे यंत्र पहिली अपेक्षा तंतोतंत पाळते. कोणी दुसरी अपेक्षा लिहायला विसरला, तर तेही ‘सिद्ध’ ठरेल आणि गाव चौकात अडकून पडेल. सिद्धता आपण विचारलेल्या प्रश्नाचे पक्के उत्तर देते. न विचारलेल्या प्रश्नाबद्दल ती मौन पाळते. काय विचारावे हे ठरवण्याची जबाबदारी माणसाचीच राहते.

हा विषय आपल्यापासून दूरचा आहे असे कोणी समजू नये. मुंबईच्या आयआयटीत ‘अजित’ हा प्रोसेसर रचला गेला, मद्रासच्या आयआयटीत ‘शक्ती’, आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेने ‘वेगा’ या मालिकेतले प्रोसेसर रचले. यांपैकी शक्ती आणि वेगा हे ‘रिस्क-फाइव्ह’ या सर्वांना खुल्या असलेल्या आज्ञासंचावर आधारलेले आहेत. अशा प्रोसेसरांची पडताळणी करणारी काही साधनेही आज विनामूल्य मिळतात. एखाद्या तालुक्याच्या गावचा विद्यार्थी घरच्या संगणकावर लहानसा प्रोसेसर रचून त्याची सिद्धता करून पाहू शकतो. त्यासाठी लागणारे भांडवल म्हणजे बीजगणित, थोडे तर्कशास्त्र आणि चिकाटी.

श्रोत्यांनी येथून जाताना एवढे ध्यानात ठेवावे. ‘हे यंत्र बरोबर चालते’ असे कोणी सांगितले, तर त्याला दोन प्रश्न अवश्य विचारावेत. उदाहरणे पाहून म्हणता, की सिद्ध करून? आणि सिद्ध करून म्हणत असाल, तर नेमके काय सिद्ध केले आहे? पहिल्या प्रश्नाने पेंटियमची चूक पकडली गेली असती, दुसऱ्याने व्हायपरचा वाद टळला असता. हे प्रश्न विचारायला अभियंता असण्याची गरज नाही. ताळा करण्याची जुनी सवय मोडलेली नसली म्हणजे पुरे.